दोनदा दाबलं म्हणजे बाहेर

आमच्या मैदानावरच्या गोलला जाळी नव्हती, म्हणून आमच्या घराला मान होता. हे वाक्य मी परवा माझ्या जावयाला ऐकवलं, तर तो म्हणाला, "आई, चहा टाकू का?" म्हातारीचं सुरू झालं असं त्याला वाटलं असणार. जावई गुणाचा आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. लातूरला त्याच्या घरी भिंतभर टीव्ही आहे आणि त्यावर विलायतेतले फुटबॉलचे सामने लागतात. तिथलं गवत इतकं हिरवं की खोटं वाटावं. चेंडू आत गेला का बाहेर, हे यंत्र रेषा आखून सांगतं. "बसा आई, आज लई मोठा सामना आहे," असं म्हणून तो मला मानानं खुर्ची देतो. मी बसते, शेंगा सोलते आणि दहाव्या मिनिटाला डुलक्या घेते. नांदेडला असले की मात्र रविवारी दुपारी रिक्षा करून रुळांपलीकडच्या मैदानावर जाते. तिथं ब गटाचे सामने होतात. निम्म्या खेळाडूंची पोटं सुटलेली, मधूनच एखादं कुत्रं मैदानात शिरतं, आणि आता जाळी आली असली तरी तिला एवढी भोकं आहेत की असून नसल्यासारखी. तिथं मला झोप येत नाही. का येत नाही, ते सांगायचं म्हणजे बाबांपासून सुरुवात करावी लागते.

बाबा कचेरीसमोर लिंबाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहायचे. कुणाला सातबारा हवा, कुणाला वारसाची नोंद करायची, कुणाच्या मुलाची बदली किनवटला झालेली ती रद्द करून घ्यायची. सगळे त्यांना मुन्शीजी म्हणत. आमच्या घरात अक्षर गिरवलेला पहिला माणूस म्हणजे बाबा, आणि त्यांचं अक्षर असं की साहेबलोक अर्ज बाजूला ठेवायच्या आधी एकदा वाचून बघायचे. पण त्याच कचेरीतला शिपाई त्यांना पाणी द्यायचा ते वरून, ओंजळीत. बाबा ते पाणी प्यायचे आणि घरी येऊन त्याबद्दल एक शब्द बोलायचे नाहीत. माय बोलायची. माझी माय बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हती. "लोकाच्या नशिबाचे कागद लिहिता अन् पाणी ओंजळीनं पिता," असं ती भाकरी थापता थापता म्हणायची, आणि बाबा म्हणायचे, "ऐतवार येऊ दे."

ऐतवारची आमच्या घरातली तऱ्हाच वेगळी. सकाळी विहारात वंदना, तिथून आलं की माय मुरमुरे भिजवून सुशीला करायची. भरपूर कांदा, हिरवी मिरची, वर दाण्याचा कूट. अर्धी आम्ही घरी खायचो आणि अर्धी पितळी डब्यात भरून मैदानावर न्यायचो. बाबा धुतलेलं धोतर नेसायचे, टोपी झटकायचे आणि काखेत एक ज्यूटचं पोतं घ्यायचे. मी डबा घ्यायची. मालगाडी उभी असली तर तिच्या खालून वाकून जायचं नाही, ती हलेपर्यंत थांबायचं, असा बाबांचा नियम होता. त्यामुळे पुष्कळदा आम्ही फाटकाशी ताटकळायचो, आणि पलीकडून मैदानावरचा गलका ऐकू यायचा.

आमची टीम म्हणजे मालधक्का. स्टेशनच्या मालधक्क्यावरचे हमाल, दोन-तीन रिक्षावाले, एक शिंपी. नांदेड आणि लातूरच्या टीमांचे दोन गट होते, अ आणि ब, आणि मालधक्का ब गटात असा मुरलेला होता की तो तिथून हलेल असं कुणाच्या मनातही यायचं नाही. अ गटाचे सामने शहरातल्या मोठ्या मैदानावर व्हायचे. तिथं भिंत होती, तिकिटाची खिडकी होती, पाहुण्यांसाठी खुर्च्या होत्या आणि गोलला जाळी होती. आमच्याकडे दोन बांबू रोवलेले आणि वर सुतळी. चेंडू जोरात सुटला की बांबूच्या आतून गेला का बाहेरून, हे लांबून कळायचं नाही. आमचे अकराजण एक सांगायचे आणि समोरचे अकरा दुसरं. म्हणून आमच्याकडे गवाह असायचा. प्रत्येक टीमचा एक. गवाहानं गोलमागे दहा पावलांवर बसायचं, तेही आपली टीम ज्या गोलात चेंडू मारणार त्या गोलमागे, म्हणजे आपल्याच गोलची गवाही आपल्याच माणसानं द्यायची. बाहेरचा माणूस हे ऐकून हसायचा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणायचा. पण त्यातच तर खुबी होती. दुसऱ्याचा खरा गोल खोटा ठरवायला कुणीही धजतं. आपला खोटा गोल साऱ्या मैदानासमोर खरा म्हणायचा तर माणसाला उद्या बाजारात तोंड दाखवायचं असतं. रेफरी एस.टी.त कंडक्टर होते. शिट्टी फुंकून ते धावत यायचे आणि विचारायचे, "गवाह, गेला का?" बाबा उठून उभे राहायचे, टोपी सारखी करायचे आणि एकच शब्द बोलायचे, "गेला" किंवा "बाहेर". त्यापुढे कुणी हुज्जत घालायचं नाही. हमाल, शिंपी, रिक्षावाला, समोरच्या टीमचे मारवाडी कप्तान, कुणीच नाही. बाबा म्हणायचे, "दस्ताला दोन साक्षीदार लागतात, गोलला एक पुरतो." ते तसं म्हणायचे तेव्हा त्यांचा चेहरा मी बघून ठेवलेला आहे. कचेरीतला तो चेहरा नव्हता.

मी त्यांच्याबरोबर पोत्यावर बसायची, अगदी सहा-सात वर्षांची असल्यापासून. तेरावं लागलं तेव्हा मायनं हरकत घेतली. "आता काय ल्हान हाय का सुजाता? पोरी काय मैदानात बसत्यात का?" बाबा म्हणाले, "तिथं सगळी आपली माणसं आहेत." माय म्हणाली, "हायेत म्हणून तर गप बसले. तिथवर ठीक हाय. पण तुमची टीम वर गेली अन् सामने तिकडं मोठ्या मैदानावर व्हाया लागले, तर पोरगी घरी. आत्ताच सांगून ठेवते." बाबा हसले. मालधक्का वर जाणं म्हणजे रेड्यानं दूध देणं, असं आम्हा तिघांनाही वाटत होतं.

त्याच वर्षी दोन गोष्टी झाल्या. पहिली अशी की बाबांचे डोळे गेले. एकदम नाही. हातातला कागद दिसायचा, लांबचं सारं पुसट. मोतीबिंदू होता हे नंतर कळलं. मुन्शीचे डोळे गेले म्हटल्यावर कचेरीत कोण येईल आणि मैदानात कोण विचारील, या धाकानं त्यांनी ते मायलासुद्धा सांगितलं नाही. दिवाळीनंतरच्या एका सामन्यात रेफरींनी विचारलं, "गवाह, गेला का?" आणि बाबा उभे राहिले, टोपी सारखी केली आणि बोललेच नाहीत. त्यांचा हात खाली माझा हात शोधत होता. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी तो एकदा दाबला. बाबा म्हणाले, "गेला." त्या दिवशी परत येताना फाटकाशी मालगाडी उभी होती. डबे मोजायचं सोडून बाबा हळूच म्हणाले, "एकदा दाबलं म्हणजे गेला. दोनदा दाबलं म्हणजे बाहेर. आणि खात्री नसली तर?" मी म्हणाले, "खात्री असतेच बाबा, मी जवळ तर असते." तेवढ्यात मालगाडी हलली आणि आम्ही रूळ ओलांडले.

दुसरी गोष्ट, मालधक्का जिंकायला लागला. सगळी करणी गफूरची. गफूर धक्क्यावरचा हमाल, दिवसभर पोती वाहून संध्याकाळी अनवाणी खेळायचा, आणि त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्यातून सुटलेला चेंडू कुणाच्या बापाला अडायचा नाही. एकामागून एक टीम हरत गेली आणि वस्तीत बोलणं सुरू झालं की औंदा आपण वर जाणार. अ गटात बूट लागतात म्हणून कुणीतरी गफूरसाठी जुने बूट आणले. ते घालून तो दोनदा पडला आणि तिसऱ्यांदा बूट मैदानाकडेच्या लिंबाला टांगून परत अनवाणी पळाला. सगळे हसले. मी हसले नाही. तिकडे बूट लागतात, तिकडे जाळी असते, म्हणजे गवाह नसतो, आणि मी तर नसतेच. हे माझ्या डोक्यात त्या टांगलेल्या बुटांकडे बघताना पहिल्यांदा स्पष्ट झालं. त्या दिवसापासून मी आमची टीम हरावी अशी इच्छा करायला लागले. कुणाला सांगायची सोय नव्हती. विहारात डोळे मिटले की तेच यायचं मनात, आणि स्वतःचीच शरम वाटायची. तरी हात दाबताना मी कधी खोटेपणा केला नाही. गेला की एकदा. बाहेर की दोनदा.

शेवटचा सामना लातूरला, तिथल्या डाळमिलच्या टीमशी. बरोबरी झाली तर ते वर जाणार, आम्ही जिंकलो तर आम्ही. सकाळच्या पहिल्या एस.टी.नं सगळे निघालो. लातूरचं मैदान मिलच्या मागे, हवेत तुरीचं फोलपट उडत असायचं, आणि तासाभरात सगळ्यांच्या पापण्या पिवळ्या व्हायच्या. त्यांचा गवाह म्हणजे अप्पा, निलंग्याकडचा एक म्हातारा. हाफटाइमला दोन्ही गवाहांनी आपापली पोती उचलून बाजू बदलायच्या. मैदानाच्या मधोमध बाबा आणि अप्पा एकमेकांना भेटले, एकमेकांची तंबाखू घेतली आणि पुढं गेले. एकेक गोल झाला होता. ऊन वाढत होतं, डब्यातली सुशीला तशीच होती.

सामना संपायला दोन-चार मिनिटं राहिली असतील. कॉर्नरवरून चेंडू आला, धुरळ्यात सात-आठ पाय एकत्र झाले आणि त्यातून गफूरचा तो अंगठा. चेंडू माझ्या अंगावर यावा तसा आला. उजवीकडचा बांबू, फोलपटाची पिवळी धूळ, आणि चेंडू आमच्या पोत्याजवळून मागे गेला. गफूर दोन्ही हात वर करून ओरडत पळत होता आणि मालधक्क्याची सगळी माणसं त्याच्या अंगावर पडली होती. रेफरी धावत आले. "गवाह, गेला का?" बाबा उभे राहिले. त्यांचा हात माझ्या हातात होता. मी दोनदा दाबला.

"बाहेर," बाबा म्हणाले.

गफूर कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत होता. मग त्यानं मान हलवली आणि तो आपल्या जागेवर परत गेला. उरलेली मिनिटं तशीच गेली, शेवटची शिट्टी झाली, लातूरची पोरं नाचायला लागली. त्या गर्दीतून अप्पा आले, त्यांनी आपला पाण्यानं भरलेला तांब्या बाबांपुढे धरला. बाबांनी ओंजळ केली. अप्पा म्हणाले, "तोंड लावा की हो मुन्शीजी, असं काय करायलात." बाबांनी तांब्याला तोंड लावून पाणी प्यायलं. मी ते बघितलं आणि मला रडू आलं, कारण तोपर्यंत माझ्या मनात किडा शिरला होता. मी खरंच बाहेर बघितला का? का मला बाहेर हवा होता म्हणून बाहेर दिसला? त्या धुळीत मला बांबू दिसला होता, चेंडू दिसला होता, पण दोन्ही एकदम दिसले होते का, हे आठवेना. आठवायला जावं तितकं ते पुसत गेलं. बाबांनी पाणी प्यायलं ते माझ्या शब्दावर, आणि माझा शब्द खोटा असेल तर ते पाणीही खोटं.

परतीच्या गाडीत अहमदपूरपर्यंत सगळे माना टाकून पडले होते. मग आमचा गोलकी, म्हणजे तो शिंपी, खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "पुढल्या ऐतवारी कुणाशी हाय मग?" कुणीतरी फसकन हसलं. मग दुसरं हसलं. बघता बघता सगळी गाडी हसायला लागली. एक म्हणाला, बरं झालं, मला सुट्टी मिळाली नसती. दुसरा म्हणाला, माझ्या बापाला तिकीट काढून बघायला लावायचं म्हणजे काय, तो मला घरात घ्यायचा नाही. कुणीतरी गफूरला म्हणालं, तुझे बूट वाचले. वर जायचं हुकलेली माणसं अशी हसतात हे मी आधी कधी बघितलं नव्हतं. ती हसत होती आणि मला वाटत होतं, यांचं वर जाणं मी खाल्लं.

लोह्याला गाडी चहाला थांबली. सगळे भज्यांच्या गाडीवर गेले. मी मागे स्टँडच्या भिंतीशी उभी राहिले. बाबा चाचपडत आले. "सुजाता, काय झालं?" आणि मी सगळं सांगून टाकलं. मला जिंकायला नको होतं. मला घरी बसायचं नव्हतं. बाहेर दिसला का मीच बाहेर केला, मला कळत नाही. बाबा ऐकत होते. मग ते म्हणाले, "आणि मला जिंकायचं होतं असं तुला कुणी सांगितलं?" ते म्हणाले, "जाळी आली की मी कोण? चेंडू येताना मी मनात म्हणत होतो, बाहेर जा, बाहेर जा. डोळे गेलेत ते बरं झालं पोरी. असते तर आज मी माझ्यावर भरोसा ठेवला नसता. तुझ्यावर ठेवला."

"अन् माझ्यावर ठेवला तरी, बाहेर होता का?" मी विचारलं. त्यांनी टोपी काढली आणि तिच्यावरचं फोलपट झटकलं.

तेवढ्यात मागून गफूर आला. हातात कागदात गुंडाळलेले मिरचीचे भजे. त्यानं किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. बाबांचा चेहरा उतरला. इतके दिवस झाकलेलं आता धक्क्यावर पोचणार. गफूर म्हणाला, "बेटी, का रडायली? घे, गरम हायेत." मग बाबांकडे बघून म्हणाला, "मुन्शीजी, दिवाळीपासून तुम्हाला दिसत न्हाई, हे साऱ्या टीमला मालूम हाय. एकदा दाबलं की गेला. दोनदा दाबलं की बाहेर. रेफरीसाहेबालाबी मालूम हाय."

बाबांनी भिंतीला हात टेकला. "मग बोलला का नाहीस?"

"बोलायचं काय त्यात? गवाही खरी होती न्हवं." त्यानं एक भजा स्वतः उचलला. "अन् आजचा बाहेरच होता. पायातून सुटला तवाच कळलं मला. बूटवाल्याला न्हाई कळत, उघड्या पायाला कळतंय."

मी म्हणाले, "मग हात वर करून ओरडलात कशाला?"

"वरडावं लागतंय बेटी," गफूर म्हणाला. "मागून माणसं बघत असतात."

मी रडता रडता हसले आणि मिरची नाकात गेली. भजे संपले तोवर कंडक्टरनं घंटी मारली होती. लोह्यापासून नांदेडपर्यंत मी बाबांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपले. इतकी गाढ झोप मला त्या महिन्यात पहिल्यांदाच लागली. घरी पोचल्यावर डब्यातली सुशीला तशीच बघून माय म्हणाली, "हुकलं वाटतं." बाबा म्हणाले, "हाव." आणि माय इकडेतिकडे बघत, कुणी ऐकू नये अशा बेतानं म्हणाली, "बरं झालं." तिलाही ऐतवारी दुपारी एकटीला जरा पाय पसरून बसायला मिळायचं, हे मला फार उशिरा कळलं.

त्या उन्हाळ्यात बाबांनी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. आता लपवायचं राहिलंच काय होतं. जाड भिंगाचा चष्मा आला. पहिले आठ दिवस ते घरातली प्रत्येक वस्तू नव्यानं बघत होते, मायलासुद्धा, आणि माय म्हणाली, "असं काय बघायलात, मेलं." कचेरीतही गिऱ्हाईक तुटलं नाही. त्या शिपायाचं वरून पाणी ओतणं मात्र पुढं कितीतरी वर्षं चालूच होतं. बाबांनी घरून स्वतःचा तांब्या न्यायला सुरुवात केली, एवढाच फरक पडला. मी नंतर शिक्षक झाले, बदल्या झाल्या, मुरुडला राहिले, लातूरला राहिले. शाळेत मुलांची भांडणं माझ्यापुढे यायची तेव्हा मी आधी एकच बघायची, की या भांडणात मला काय हवंय. ते ओळखलं की मग निकाल द्यायचा. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. जावयाच्या टीव्हीवर यंत्र बरोबर सांगतं, कबूल. पण तिथं मला कुणी विचारत नाही.

त्याच वर्षी पावसाळा संपून ब गटाचे सामने सुरू झाले. मायनं न बोलता डबा भरून माझ्या हातात दिला. पहिला सामना, तेच बांबू, नवी सुतळी. बाबा चष्मा लावून पोत्यावर बसले, मी शेजारी. पहिल्या अर्ध्या तासातच गफूरनं लांबून चेंडू मारला, तो डाव्या बांबूला चाटून गेला, आणि त्यानं रीतीप्रमाणे हात वर केले. समोरचे ओरडले. रेफरी धावत आले. "गवाह, गेला का?"

मी बाबांचा हात शोधला. तो त्यांनी मांडीवर ठेवला होता आणि उचलला नाही. उठलेही नाहीत. चष्मा काढून ते धोतराच्या टोकानं पुसत राहिले, पुसायचं काही नसताना. रेफरी माझ्याकडे वळले. गफूर बघत होता, शिंपी पलीकडच्या गोलमधून डोळ्यांवर हात धरून बघत होता. मी उभी राहिले. डोक्यावर टोपी नव्हती, म्हणून वेणी सारखी केली.

"गेला," मी म्हणाले.